पुढे, पुरे

नियम साधा आहे: ऐकलं तेच बोलायचं.
भर घालायची नाही, गाळायचं नाही,
समोरचा ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’ म्हणायचं.
दुभाषीचं काम. तासाला एकवीस पौंड, शेवटी फॉर्मवर सही.

बर्मिंगहॅमचं इस्पितळ, तिसरा मजला.
डॉक्टर थॉर्नलींनी पेनाचं टोपण दातांत धरलं, कागद ओढला.
समोर पद्मिनी खोराटे, इचलकरंजीची,
आणि फरशीवर निहार, चार वर्षांचा.
उठताना तो स्वतःच्याच पायांवर हात टेकत
वर येतो, शिडी चढावी तसा.

मी बोलू लागले, डॉक्टरांच्या ‘मी’मधून:
मूळ पोथी खोलीबाहेर जात नाही.
बाहेर जाते ती नक्कल. हा धडा इतका लांब
की नक्कल उतरवायलाच सोळा तास लागतात.
मग ती या दोन तुकड्यांच्या यंत्रात शिरते
(‘पाट्यावर वरवंटा ठेवल्यावाणी,’ पद्मिनी म्हणाली.
मी तेही सांगितलं. पाटा म्हणजे काय, हे सांगण्यात दोन मिनिटं गेली)
आणि यंत्र वाचतं, तीन-तीन अक्षरं.
दर तिनांना एक हमाल येतो:
एका टोकाला अक्षरं ओळखणारा,
दुसऱ्या टोकाला एकच मणी धरलेला.
मणी ओवला की रिकामा होऊन निघून जातो.
माळ कशाची होतेय, त्याला ठाऊक नसतं.

इथे मी पाणी प्यायले.

पुढे डॉक्टरांनी एक वाक्य लिहिलं,
कुत्रा, मांजर, टोपी, सगळे इंग्रजीत तीन अक्षरांचे,
आणि एक अक्षर बदलून वाक्य बिघडवून दाखवलं.
मराठीत ते बिघडेना. मांजर तिनात बसलं,
कुत्रा दोनातच संपला.
पद्मिनी माझ्याकडे बघत राहिली,
तिच्या मुलाच्या पायांचा कुत्र्याशी काय संबंध म्हणून.

मी नियम मोडला.
कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: पुढे.
त्याखाली: पुरे.
एवढंच झालंय, म्हटलं. ढे-च्या जागी रे.
यंत्र आज्ञाधारक आहे. पुरे म्हटलं की थांबतं.
अर्धी माळ, तिचा उपयोग नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय लिहिलंत?
मी सांगितलं. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला;
त्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसत होते.

पद्मिनीला नाही. तिनं ‘रे’वर बोट ठेवलं
आणि ते तसंच ठेवून म्हणाली,
‘हे माझ्याकडनं आलंय?’

मी डॉक्टरांकडे वळले. नियमाप्रमाणे विचारलं:
माझ्याकडून आलं का?
ते आधी माझ्याकडे बघून ‘हो’ म्हणाले, मग तिच्याकडे.
तो एका अक्षराचा शब्द मला दोनदा म्हणावा लागला.
पहिल्यांदा आवाजच निघाला नाही.

यात तुमचा दोष नाही, असं ते पुढे म्हणाले.
पण आमच्या छापील पत्रकात त्या अक्षरालाच
‘दोष’ म्हटलंय, ठळक टाइपात, चार ठिकाणी.
मी ‘चूक’ शब्द घेतला. तुमची चूक नाही, ताई.
‘ताई’ डॉक्टर म्हणाले नव्हते.

‘आणि वाचणाऱ्यानं ‘पुढे’च वाचलं तर?’
अशी औषधं आहेत, डॉक्टर म्हणाले,
यंत्राला त्या जागी जरा बेफिकीर करणारी.
कुणाला लागू पडतात, कुणाला नाही. मी वचन देत नाही.
मी वचन देत नाही, मी म्हणाले.

निहारनं टोपण मागून घेतलं.
कोपरा फाडून पद्मिनीनं पर्समध्ये ठेवला.
मी सही घेतली: एक तास दहा मिनिटं.

अकरा नंबरच्या बसमध्ये कुणीतरी बटण दाबलं,
थांब्याचा लाल दिवा लागला,
आणि ड्रायव्हर, काय विचारात होता कोण जाणे,
थांबा मागे टाकून निघून गेला.
मागून एक म्हातारा ओरडला.
थांबा माझाही होता.
मी बसून राहिले, ओठ घट्ट मिटून,
म्हटलं, जाऊ दे, जाऊ दे अजून थोडी.